पुण्याच्या बँकेत मी बेळगावची झाले

आमच्या घरातली कागदपत्रं माझ्या ताब्यात असतात. कुणी दिली नाहीत, मीच घेतली. प्रत्येकाच्या नावाचं प्लॅस्टिकचं पाकीट, आत तीन-तीन झेरॉक्स, वर पेन्सिलीनं तारीख. सासूबाई पाहुण्यांना सांगतात, "हिला काहीही मागा, दोन मिनिटांत काढून देईल." त्यामुळे हे कामाला होते तो कारखाना बंद पडला आणि मी बेळगावच्या एका नर्सिंग कॉलेजात शिकवायची नोकरी धरली, तेव्हा घरातल्या सगळ्यांना वाटलं, ही तिकडूनही सगळं सांभाळेल. मलाही वाटलं.

सोमवार ते शुक्रवार बेळगाव, शनिवार-रविवार पुण्यातलं बिबवेवाडीचं घर. पहिला प्रश्न आला पगार कुठल्या बँकेत घ्यायचा हा. आमची पुण्यातली सहकारी बँक म्हणजे घरचं कार्यच. आधी सासरे सभासद, मग हे, लग्नानंतर मी. वार्षिक सभेला जायचं, अहवाल घ्यायचा आणि त्याच्याबरोबर मिळणारा स्टीलचा डबा घेऊन घरी यायचं. स्वयंपाकघरातले निम्मे डबे बँकेचे आहेत. पण या बँकेच्या सगळ्या शाखा महाराष्ट्रात. कॉलेजच्या अकाउंटंटनं माझं पासबुक उलटंसुलटं करून पाहिलं आणि विचारलं, "ही कुठली ओ बँक?"

स्टाफरूममधल्या बाई म्हणाल्या, "दोन्हीकडे शाखा असलेली एखादी मोठी बँक घ्या आणि मोकळ्या व्हा." शहाणा सल्ला होता, म्हणून मी तो ऐकला नाही. त्या मोठ्या बँकेत जायला दोन बस बदलाव्या लागत, आणि कॉलेजच्या फाटकासमोरच एक छोटी बँक होती. मी ठरवलं, तिकडचं तिकडे, इकडचं इकडे.

समोरच्या बँकेतला क्लार्क माझ्याशी आपणहून मराठीत बोलला. "लोकल पत्ता पायजे की ओ मॅडम."

"कॉलेजचं पत्र आणलंय."

"मग झालं की. पत्र चालतंय."

इथे मी उठून घरी जायला हवं होतं. पण आधारवर एक पत्ता आणि पासबुकावर दुसरा, हे माझ्या पाकिटाच्या शिस्तीत बसेना. कुणीही सांगितलेलं नसताना मी खोलीचा भाडेकरार घेऊन आधार केंद्रात गेले आणि पत्ता बदलून घेतला. नव्या आधारच्या तीन झेरॉक्स काढल्या, तारीख घातली. फार समाधान वाटलं.

कारखाना बंद झाल्यापासून हे रोज सकाळी आंघोळ करून, इस्त्रीचा शर्ट घालून गॅलरीत बसत. जायचं कुठेच नसे. आयुष्यभर कारखान्यात विजेच्या मोटारी दुरुस्त केल्या, त्यामुळे सोसायटीतले लोक मिक्सर आणून देत, हे ते दुरुस्त करत आणि पैसे विचारले की खाली बघत. त्यात एके दिवशी यांना मेन रोडवर दुरुस्तीच्या दुकानाजोगा एक गाळा दिसला, आइस्क्रीमच्या दुकानाशेजारी. त्या शनिवारी मी आले तर हे जेवताना आपणहून बोलत होते! पंप कुठे ठेवायचे, मिक्सरची मांडणी कुठे, सगळं ताटातल्या पोळीवर बोटानं काढून दाखवलं. पोळी गार झाली, मी दुसरी वाढली.

गाळ्याचा मालक म्हणाला होता, "महिनाअखेरपर्यंत थांबतो. दुसरी पार्टी उभी आहे." डिपॉझिटसाठी आमच्या बँकेचं कर्ज घ्यायचं ठरलं. दोन जामीनदार हवेत, दोघंही सभासद. एक सोसायटीचे सेक्रेटरी, दुसरी मी.

पुढच्या शनिवारी आम्ही दोघं बँकेत गेलो. काउंटरवर वर्षानुवर्षांचे ओळखीचे गृहस्थ. मी पाकीट उघडून कागद ओळीनं मांडले. त्यांनी आधार उचललं आणि चष्मा कपाळावर सरकवला.

"आपण बेळगावला असता?"

"कामापुरती. राहते इथेच."

"आधारला तसं माहीत नाही."

हे पुढे झाले. "अहो, मी हिचा नवरा सांगतोय ना, ही आमच्याकडेच राहते!"

"आपण म्हणता ते खरंच असेल. पण जामीनदार बँकेच्या कार्यक्षेत्रात राहणारा लागतो, आणि आपलं कार्यक्षेत्र महाराष्ट्र. पोटनियम आहे."

"अहो, मी इतक्या वर्षांची सभासद!"

"पत्ता बदलल्याचं बँकेला कळवलंत?"

"आत्ता कळलं की तुम्हाला."

"हो. म्हणजे आता आपल्या सभासदत्वाचंही बघावं लागेल."

मी हळूच म्हटलं, "जुन्या आधारच्या झेरॉक्स आहेत माझ्याकडे. तीन."

"मॅडम, मी नवं पाहिलंय. आता न पाहिल्यासारखं कसं करू?" आणि त्यांनी माझे कागद परत दिले, मी मांडले होते त्याच क्रमानं.

आधार परत पुण्याचं करायचं तर पुण्याचा पुरावा हवा. विजेचं बिल सासूबाईंच्या नावावर, म्हणजे त्यांची संमती हवी, तीही अंगठा लावून. त्यांना रिक्षात घालून आधार केंद्रात नेलं, तर त्यांचा अंगठा मशीन घेईना. "इतकी वर्षं भांडी घासली, आता रेषा कुठून आणू?" त्या मशीनलाच विचारत होत्या. पुढचा शनिवार चौथा, म्हणजे बँक बंद. मधल्या दिवसांत मी बेळगावात. शेवटी यांचे कारखान्यातले जुने फोरमन जामीन राहायला तयार झाले. "सही कुठे करायची तेवढं सांग," एवढंच म्हणाले. पण ते सभासद नव्हते. त्यांचा अर्ज मंजूर करणार संचालक मंडळ, आणि मंडळाची बैठक पुढच्या महिन्यात.

मालकानं गाळा दुसऱ्या पार्टीला दिला. आता तिथे मोमो मिळतात.

हे ओरडले असते तर बरं झालं असतं. यांनी इस्त्रीचा शर्ट काढून खुंटीला लावला, बनियनवर गॅलरीत जाऊन बसले आणि विचारलं, "पण अगं, पत्र चालत होतं ना?"

मी नव्या आधारच्या तिन्ही झेरॉक्स पाकिटात परत घातल्या.

सासूबाईंचा अंगठा तिसऱ्या खेपेला लागला आणि मी पुन्हा पुण्याची झाले. बेळगावच्या बँकेत भीतभीत सांगायला गेले, तर तो क्लार्क म्हणाला, "असू दे की ओ. कॉलेजचं पत्र आहे की." त्या माणसाचा मला इतका राग कधीच आला नव्हता.

फोरमनच्या सहीवर कर्ज मिळालं, पण तोवर मेन रोडवर काही उरलं नव्हतं. मिळाला तो मागच्या बोळातला गाळा, रस्त्यावरून न दिसणारा. हे पाटी रंगवून आले. हात सारखे ग्रीसचे, फोन कसा उचलणार, म्हणून पाटीवर, बोळाच्या तोंडाशी चिकटवलेल्या कागदावर आणि सोसायट्यांच्या ग्रुपवर नंबर माझा.

हल्ली बेळगावात दोन तासिकांच्या मध्ये फोन वाजतो. "मिक्सर रिपेरिंग ना? अहो, मी केव्हापासून इथेच फिरतेय. दुकान आहे तरी कुठे?"

मी खडू खाली ठेवते. "मोमोवाल्याच्या डाव्या हाताला बोळ आहे. आत या, पिठाची गिरणी ओलांडा, आता उजवीकडे बघा. दिसले का? काळ्या फ्रेमचा चष्मा, इस्त्रीचा शर्ट?"

"हो, दिसले. बाहेरच उभे आहेत."

"मग जा. आणि जरा मोठ्यानं बोला, मोटार चालू असली की त्यांना ऐकू येत नाही."