धारकडचं पोट

आमच्या नात्यात अजूनही कुणाचं पोट बिघडलं की म्हणतात, "धारकडचं पोट." धार हे माझ्या बायकोचं माहेर. हा शब्दप्रयोग मी काढला. तो खोटा आहे, म्हणून हे लिहून ठेवतो.

नोकरीसाठी मी देवासला आलो आणि तिथलाच झालो. दरवर्षी खातेगावहून वर्षभराचा गहू आणणं हा माझा मान. दाणा दाताखाली फोडून पाहिल्याशिवाय पोतं उचलू देत नसे. मुलगी सहा वर्षांची झाली तरी हातपाय काड्या, पोट मात्र टम्म. मला वाटलं, गहू जुना निघाला. कन्नौदहून नवा आणला. चक्कीवाला म्हणाला, "भिया, गेहूं तो सोना है. बच्ची को और खिलाओ." आम्ही आणखी खिलवला. सकाळी दूध-दलिया, दुपारी तुपातली पोळी.

बायकोनं मात्र एक गोष्ट हेरली होती. मुलगी हट्टानं तिच्याबरोबर चतुर्थी धरायची.

"अहो, उपासाच्या दिवशी हिचं पोट दुखत नाही. नवरात्रात नऊ दिवस भगर खाल्ली तर कशी बागडत होती!"

"मग काय, रोज उपास करवू?" मी हसलो. "तुझ्या भावाकडे बघ. फुंकर मारली तर उडेल. धारकडचं पोट आहे हे, दुसरं काय!"

ती हसली नाही. पुढे सहा वर्षं मी हे वाक्य लग्नामुंजीतही म्हणत राहिलो. लोक हसायचे, मला बरं वाटायचं.

बाराव्या वर्षी मुलगी शाळेत चक्कर येऊन पडली, तेव्हा इंदूरच्या डॉक्टरांनी सीलिएक सांगितला. गहू तिला चालत नाही, जन्मभर चालणार नाही. ज्वारी, मका, भात चालेल. म्हणजे गव्हावाचून आपण बऱ्या असतो, हे ती उपासाच्या दिवशी आईला दाखवतच होती.

"हे कुणाकडून आलं, कळेल का?" मी विचारलं.

"कळून काय करणार?" डॉक्टर म्हणाले. पण मला कळायचं होतं, म्हणजे सिद्ध करायचं होतं. तिघांचं रक्त बाहेरगावी गेलं. रिपोर्ट आणायला मी एकटा गेलो. डॉक्टरांनी शांतपणे सांगितलं, या आजाराकडे कल असणारं जनुक तुमच्यात आहे, मुलीत आहे, तुमच्या मिसेसमध्ये नाही. जनुक असणं म्हणजे आजार नव्हे, कित्येकांच्या अंगात ते असतं आणि जन्मभर काही होत नाही. यात कुणाचा दोष नसतो.

दोष नव्हता. तो मी घरी पोहोचल्यावर केला. रिपोर्ट स्कूटरच्या डिकीतच ठेवला. बायको दारात उभी होती, हाताला पीठ.

"काय आलं?"

"त्यावरून तसं काही सांगता येत नाही म्हणे."

तिनं मान हलवली. "म्हणजे माझंच."

त्या दिवसापासून तिनं गहू सोडला. चक्कीतल्या गव्हाचं पीठ ज्वारीत मिसळतं म्हणून जुन्या बाजारातून घट्टी, म्हणजे दगडी जातं, आणलं. रोज सकाळी घरीच ज्वारी दळायची, मुलीबरोबर भाकरी खायची. "माझ्या अंगातून आलंय, तर मीही खाणार नाही." माझ्या पोळ्या मात्र वेगळ्या पोळपाटावर लाटायची आणि मग कोपरापर्यंत हात धुऊन भाकरीला बसायची. समोर बसून मी त्या पोळ्या चार वर्षं खाल्ल्या.

मुलगी भरली, उंच झाली. दहावीत असताना सुट्टीत धारला राहून आली आणि म्हणाली, "बाबा, मामी मला वाढताना माफी मागितल्यासारखं वाढते. मामा तर म्हणाला, 'बेटा, हमारे घर का दिया हुआ है.' आईकडूनच आलंय ना ते?"

बायको घट्टीशी बसली होती. मी उठून रिपोर्ट आणला आणि दोघींना सांगितलं. घट्टी थांबली.

"चार वर्षं?"

"हो."

"मी पोळी सोडली तेव्हा समोरच होतात तुम्ही."

"हो."

तिनं मूठभर ज्वारी टाकून दोन फेरे दळलं. मग म्हणाली, "माझ्या भावाला सांगा. फोनवर नाही. धारला जाऊन, त्याच्या घरात, सगळ्यांसमोर."

त्या रविवारी गेलो. मेहुण्याकडे दाल-बाफले होते, म्हणजे वरणाबरोबर गव्हाचे उकडून भाजलेले गोळे; मुलीसाठी वेगळा भात. पानं वाढली आणि मी उभा राहूनच बोललो. मग मेहुणा म्हणाला, "जिजाजी, म्हणजे इतकी वर्षं तुमच्या फुंकरीनं मी फुकटच उडत होतो?" वहिनी, मेहुण्याची बायको, पदरात तोंड लपवून हसल्या, आणि त्यांच्या डोळ्यांना पाणी आलं.

मेहुण्यानं बहिणीच्या पानात बाफला फोडून ठेवला, वर तूप ओतलं. तिनं मुलीकडे पाहिलं. मुलगी म्हणाली, "खा ना आई."

ती खायला लागली. एक संपवला, दुसरा मागून घेतला. कोपरापर्यंत तूप ओघळलं, पुसलं नाही. मी वहिनींना म्हटलं, मला आज भात वाढा.

बायकोनं माझ्याकडे पाहिलं नाही. पण भाताचं पातेलं माझ्या बाजूला सरकवलं ते तिनंच.