खारवट पट्टीतलं गवत
आज गारखेड्यातल्या दुकानात कुंड्यांसाठी युरिया घ्यायला गेलो, दुकानदारानं दमट पोत्याचं तोंड सोडलं, आणि नाकात झोंबलेल्या त्या वासानं मला थेट कन्नडकडच्या मामाच्या खारवट पट्टीत नेऊन उभं केलं. तिथं जमिनीतल्या मिठानं गवत कायम पिवळं, आणि मामा चिडून त्यावर मुठीमागून मूठ युरिया फेकायचा. मग कॅनॉलचं पाणी आलं, मीठ धुतलं गेलं आणि गवत एकदम काळपट हिरवं झालं. त्यात चरलेली म्हैस तोंडाला फेस आणून कोसळली. बांधावरून आमच्याशी भांडण असलेला शेजारी तिला उठवायला धावत आला, तर मामा ओरडला, "तूच इख घातलंस!" आणि कुऱ्हाडीचा दांडा त्याच्या डोक्यात हाणला. तो पडला तरी मामा त्याच्या बरगड्यांत लाथा घालतच होता. आम्हा तिघा भाच्यांना तो आवरेना. तेवढ्यात म्हशीसाठी बोलावलेला जनावरांचा डॉक्टर पोचला. त्यानं म्हशीच्या शिरेत सुई घातली, तर रक्त चॉकलेटी निघालं. "विष कुणी घातलं नाय," तो म्हणाला, "मिठामुळं गवत खत घेत नव्हतं. पाणी मिळताच तुमचा सगळा युरिया एकदम ओढला, तोच गवतातून हिला बाधला, म्हणून रक्त असं." मामाच्या हातात दांडा तसाच होता. शेजारी कसाबसा उठून बसला, त्याचं लालभडक रक्त कानामागून गवतावर टपकत होतं. आज दुकानदार "किती देऊ?" म्हणाला, आणि मला ऐकू आलं ते त्या फुटक्या डोक्याच्या माणसानं तेव्हा डॉक्टरला विचारलेलं, "म्हैस वाचंल का?"