चक्रीचं जॅकेट

माझ्या धाकट्या भावाने आयुष्यात काही लाख मोटारसायकली चालवल्या. त्यातली एकही त्याची नव्हती. कामावर जायचा बसने, घरी यायचा बसने, आणि बस चुकली तर पायी.

मोटारसायकलींच्या कारखान्यात तो टेस्ट रायडर होता. गाडीची जुळणी झाली की ती आधी याच्या ताब्यात यायची. कारखान्याच्या मागे गोल ट्रॅक होता, त्यावर तीन फेऱ्या. पहिल्या फेरीत क्लच आणि गिअर. दुसऱ्या फेरीत ब्रेक, आणि मधेच दोन्ही हात सोडून गाडी कुठल्या बाजूला ओढते ते पाहायचं. तिसरी फेरी मुद्दाम खडबडीत ठेवलेल्या पट्ट्यावरून, कुठे काय खुळखुळतं ते ऐकायला. मग हँडलला बांधलेल्या कार्डावर सही ठोकायची आणि पुढची गाडी घ्यायची. दिवसाला चाळीस. कारखान्यात त्याला चक्रीच म्हणत. "ताई, लोक जग बघायला निघतात," तो मला म्हणायचा, "मी एकाच कुंपणाच्या आत पृथ्वीला पंधरा-वीस वेढे घातले असतील." विनोद बरा होता. पण दहा वेळा ऐकल्यावर मी त्याला सांगितलं, आता नवीन काढ.

त्याच्याजवळ एकच किमती वस्तू होती, ती म्हणजे अंगावरचं चामड्याचं जॅकेट. गडद तपकिरी, पितळी चेनचं, डाव्या खांद्यावर खरवडलेलं. ओल्या ट्रॅकवर गाडी घसरली तेव्हा त्याच्या खांद्याऐवजी जॅकेट सोललं गेलं होतं. थंडी सुरू व्हायच्या आधी तो एक रविवार त्याला द्यायचा. जुनं मऊ फडकं, तेलाचे चार थेंब, आणि शिवणी-शिवणीतून बोट फिरवत बसायचं. भावजय म्हणायची, "एवढं माझ्या गुडघ्यांना चोळलं असतं तर मी धावले असते." तो हसायचा. गुडघ्यांना मात्र त्याने कधी तेल चोळलं नाही. खरं ते खरं.

ते जॅकेट त्याने विकत घेतलेलं नव्हतं. त्याच्या आधीचा म्हातारा रायडर निवृत्त झाला त्या दिवशी फाटकाजवळ त्याने अंगातून काढलं, याच्या अंगात घातलं आणि स्वतःच्या हाताने चेन गळ्यापर्यंत ओढली. रायडर लोकांची ती रीत होती. जॅकेट विकायचं नाही. ज्याच्याकडे नाही त्याला द्यायचं. ज्याने मागितलं त्याला द्यायचं नाही. आणि एकदा दिलं की परत घ्यायचं नाही. ही चार वाक्यं भावाला तोंडपाठ होती, आणि त्याच्या तोंडून ऐकून ऐकून मलाही. घरात तो ती दुसऱ्या कुणाला सांगायचा नाही. कारखान्यातल्या गोष्टी घरी कशाला, म्हणायचा.

तो निवृत्त झाला तोवर कंपनीने सगळ्या रायडरांना जाड गणवेश दिले होते. ज्याच्याकडे नाही असा कुणी उरलाच नव्हता. म्हणून जॅकेट त्याच्याबरोबर घरी आलं.

आता भाच्याबद्दल. भावाचा एकुलता एक मुलगा, बाथरूमच्या फरशा आणि नळ विकतो, दुकान चांगलं चालतं. नऊ वर्षांचा असताना त्याने एकदा बापाचं जॅकेट गुपचूप घातलं आणि गल्लीत मिरवलं. बापाने चारचौघांत ते अंगातून काढून घेतलं आणि एक ठेवून दिली. एकोणिसाव्या वर्षी मित्रांबरोबर कुठेतरी थंड जागी निघाला होता. मी तिथेच बसले होते. पोरगा दाराच्या चौकटीला टेकून, जॅकेटकडे बघत नसल्यासारखं दाखवत म्हणाला, "बाबा, चार दिवस जॅकेट द्या ना."

"कमव आणि घे," भाऊ म्हणाला. पेपरातून मान वर न काढता.

पोराने ऐकलं. कमावलं आणि घेतलं. मग दुसरं घेतलं, मग तिसरं. पन्नाशीला आला तेव्हा त्याच्याकडे छत्तीस होती. एका खोलीत काचेच्या दारांचं भिंतभर कपाट, आत दिवे, प्रत्येक जॅकेटच्या खिशात दमटपणा शोषणारी पुडी, बाहीला नंबराचं लेबल. वैमानिकांची, शर्यतवाल्यांची, कुठल्या कुठल्या देशांतली. हात लावायचे तर पांढरे हातमोजे घालून. दुकानात यातलं एकही घालायचा नाही, फरशांची धूळ बसते म्हणून. दुकानात जायचा तो निळ्या स्वेटरमध्ये, आणि त्याच्या कोपराला भोक होतं.

भावजय गेल्यावर भाऊ मुलाकडे राहायला आला. मी दोन गल्ल्या पलीकडे राहते, रोज सकाळी चक्कर असायची. भावाने आपल्या खोलीच्या दारामागे खिळा ठोकला आणि जॅकेट टांगलं. सुनेने नाक मुरडलं, "आत्या, तेलाचा वास येतो हो, त्यांना सांगा ना." मी म्हटलं, तूच सांग, तुला तोंड आहे. कपाट पहिल्यांदा पाहिलं तेव्हा भाऊ काचेसमोर बराच वेळ उभा राहिला. मग म्हणाला, "तिकीट कुठे काढायचं?" सून हसली. भाचा हसला नाही.

महिन्याभराने भाच्याने मला दुकानात बोलावलं. माझा नळ गळत होता, त्याचं निमित्त. वॉशर काढून देता देता म्हणाला, "आत्या, बाबांना एक विचारशील?"

"काय?"

"ते जॅकेट. म्हणजे... ते पुढे काय करणार आहेत त्याचं?"

"तुझं पोट भरलं नाही का रे? छत्तीस झाली."

"ती विकतची आहेत," तो म्हणाला. वॉशर पुडीत बांधत होता, पुडी बांधून झाली तरी बांधतच राहिला. "मी मागणार नाही. एकदा मागितलं होतं. त्यांनी आपणहून दिलं तर... नुसतं घालून दिलं, तरी चालेल. मग परत घेऊ देत."

मला तेव्हा कळायला हवं होतं. पन्नास वर्षांचा, पोट सुटलेला, दोन मुलांचा बाप, आणि बापाने आपल्या अंगावर जॅकेट घालावं म्हणून आत्याकडे वशिला लावत होता. मी म्हटलं, "रडल्याशिवाय आईसुद्धा दूध पाजत नाही. घोड्याएवढा झालास, तुझं तू विचार." आणि वॉशर घेऊन घरी आले. मी भावाला काही सांगितलं नाही. विसरले असं म्हणणार नाही. मला ती हाव वाटली. संग्रह करणाऱ्यांची असते तशी, एक राहिलंय म्हणून.

त्या वर्षी थंडी जोरात होती. एका सकाळी मी भावाकडे चहा घेत होते. बेल वाजली. दारात पार्सलवाला, चाळिशीचा, काटकुळा, स्कूटरवरून आलेला. हातात मोठं खोकं, भाच्याचं सदतिसावं. अंगात पातळ पावसाळी कोट, त्यातून हवा आरपार जात असणार. सहीसाठी कागद पुढे केला आणि दोन्ही हात काखेत घालून उभा राहिला.

"जॅकेट नाही?" भावाने विचारलं.

"आहे की," पार्सलवाला खोक्याकडे बोट दाखवून म्हणाला, "हे काय! रोज वाहतो, साहेब."

भाऊ खो खो हसला. कितीतरी दिवसांनी तसा हसला. मग आत गेला आणि दारामागचं जॅकेट घेऊन आला. मला कळलं तो काय करणार आहे ते. त्याने माझ्याकडे बघितलं. मोठ्या बहिणीला विचारायची त्याची सवय होती, पंचाहत्तरीतही गेली नव्हती.

मी म्हटलं, "दे, दे. इथे काय कमी आहेत?"

हे मी म्हटलं. माझ्या तोंडाने.

पार्सलवाला नको नको म्हणत होता. भावाने ऐकलं नाही. दोन्ही बाह्या चढवल्या, कॉलर सरळ केली, चेन गळ्यापर्यंत ओढली आणि पाठीवर थाप मारली. "नीट चालव," म्हणाला.

संध्याकाळी भाचा घरी आला. खोकं उघडलं, हातमोजे चढवले, लेबल लिहिलं. मग बापाला बघायला बोलवावं म्हणून त्याच्या खोलीत गेला आणि दारामागचा खिळा रिकामा दिसला.

"बाबा, जॅकेट?"

"दिलं. तुझा पार्सलवाला रे, कुडकुडत होता बिचारा. तुझ्याकडे आहेत की."

"हो," भाचा म्हणाला. "आहेत." आणि बाहेर आला. नवं जॅकेट टेबलावर तसंच पडलं होतं. ते त्याने कपाटात लावलं नाही.

दुसऱ्या दिवशी त्याने पार्सलवाल्याला गाठलं. हे त्या माणसानेच मला दोन दिवसांनी गल्लीत भेटल्यावर सांगितलं. भाच्याने गाडीच्या मागच्या सीटवर पाच जॅकेटं पसरली होती, एकाहून एक. यातली हवी ती घे, पाचही घे, ते एक दे. आवळा देऊन कोहळा काढणारे पुष्कळ पाहिलेत, कोहळा देऊन आवळा मागणारा हा पहिलाच. पार्सलवाला म्हणाला, "साहेब, मला अंग एकच आहे. आणि म्हाताऱ्यांनी स्वतः घालून दिलंय. तुम्ही कोण मागणारे?"

भाचा म्हणाला, "मुलगा."

पार्सलवाला स्कूटर काढून निघून गेला.

चार दिवस बापलेक बोलले नाहीत. पाचव्या दिवशी मी भावाला सगळं सांगितलं. वॉशरची पुडी, "नुसतं घालून दिलं तरी चालेल", सगळं. महिन्याआधी सांगायचं ते तेव्हा सांगितलं.

तो ऐकून घेत राहिला. मग म्हणाला, "मग मागायचं होतं त्याने."

"मागितलं होतं. एकोणिसाव्या वर्षी. तू 'कमव आणि घे' म्हणालास."

"मी?" त्याला आठवत नव्हतं. शपथेवर सांगते, त्याला खरंच आठवत नव्हतं. "आणि मागणाऱ्याला देत नाहीत, ताई. तुला माहितीये."

"मला माहितीये. त्याला कुणी सांगितलं होतं?"

तो उठला, चपला घातल्या. मी म्हटलं, कुठे? तोवर तो दाराबाहेर होता. पार्सल कंपनीचं गोदाम तीन थांबे लांब आहे. तिथे जाऊन, पार्सलवाले खोकी लावत होते त्या रांगेत उभं राहून, माझ्या भावाने दिलेलं जॅकेट परत मागितलं. पार्सलवाल्याने हातातलं खोकं खाली ठेवलं. चेन उघडली, घडी केली, दिलं. त्यानंतर भाच्याकडे पार्सलं दुसराच माणूस आणतो.

रविवार होता. भाऊ जॅकेट घेऊन हॉलमध्ये आला आणि मुलाला म्हणाला, "उभा राहा."

भाचा उभा राहिला. कपाळावर घाम. भावाने एक बाही चढवली. दुसरी कोपरापर्यंत गेली आणि तिथे अडकली. भाऊ मुळात लहानखुरा, आणि ते जॅकेट त्याच्याही आधीच्या सुकलेल्या म्हाताऱ्याच्या मापाचं. भावाने ओढलं, भाच्याने श्वास आत घेतला, शिवण करकरली. कशीबशी बाही चढली. मग भाऊ चेनच्या दोन टोकांना एकत्र आणायला लागला. टोकांमध्ये वीतभर अंतर. दोन्ही हात बुजगावण्यासारखे आडवे करून भाचा उभा, आणि पंचाहत्तरी गाठलेला बाप त्याच्या पोटाशी वाकून चेनशी झटतोय.

मी हसले. आवरलंच नाही. सूनही हसली. भाच्याने बापाच्या डोक्यावरून माझ्याकडे पाहिलं, आणि माझं हसू तोंडातच राहिलं.

"राहू द्या, बाबा," तो म्हणाला. अगदी सभ्यपणे म्हणाला, दुकानात गिऱ्हाइकाला म्हणतो तसं. "छान आहे. थँक यू."

जॅकेट काढलं, हँगरला लावलं, आणि खोलीत नेलं. कपाटाचं काचेचं दार सरकल्याचा आवाज आला. नंबर अडतीस. पुडी, लेबल, दिवा.

ही गेल्या वर्षीची गोष्ट. यंदा पुन्हा थंडी पडली. मी सकाळी गेले तर भाऊ खिडकीशी शाल गुंडाळून बसलेला. म्हटलं, चल, कोपऱ्यापर्यंत फिरून येऊ, पाय आखडतील. भाचा दुकानात निघाला होता, त्याने ऐकलं. कपाट उघडलं, दिवे लागले. "बाबा, यातलं कुठलंही घाला," तो म्हणाला. मनापासून म्हणाला असेल, मला आता त्याचं काही ओळखता येत नाही.

भावाने काचेकडे पाहिलं. आपलं कुठे आहे ते त्याला शोधावं लागलं. मी त्याची मान डावीकडून उजवीकडे जाताना पाहिली.

"नको रे," तो म्हणाला. "मी बसतो आतच."

भाच्याने कपाट बंद केलं. मी एकटीच कोपऱ्यापर्यंत जाऊन आले.