दातानं सोललेली वायर

गोंदियाजवळच्या कुडव्यात आमच्या घरामागे राहणारा यादोराव वायरमन आहे. पक्कड त्याच्याकडे होती, पण ती घरी पडून असायची. वायर तो दातांनी सोलायचा. टेपही दातांनीच तोडायचा आणि तंबाखू-सुपारीच्या खर्र्याची पन्नीही. मी राइस मिलमध्ये पोती वाहिली. पोतं ओढायचा आकडा विसरून कामावर आलेला हमाल मी पाहिला नाही. यादोरावला हे बोलून दाखवलं की तो म्हणायचा, जन्मापासूनचं अवजार आहे काका, चोरीला जात नाही.

त्याची बायको वारल्याला बरीच वर्षं झाली होती. आमगावच्या अल्काचं स्थळ आलं. ती शिलाईकाम करते, नवऱ्यापासून वेगळी झालेली, स्वतःचं घर चालवते. यादोरावला फोटो पसंत पडला आणि त्याच दिवशी त्यानं आरशात स्वतःचे दात नीट पाहिले. खर्र्यानं ते विटकरी झाले होते, पुढचे झिजलेले होते. तो तडक गोंदियाच्या दातांच्या डॉक्टरकडे गेला.

डॉक्टरांनी पुढचे दात थोडे घासून त्यांवर चिनीमातीच्या पातळ पापड्या चिकटवल्या. त्यांना व्हिनियर म्हणतात. त्यांनी बजावलंही होतं की घासलेला दात पुन्हा वाढत नाही, पुढच्या दातांनी काही तोडायचं नाही आणि खर्रा बंद. यादोरावनं मान हलवली. दवाखान्यातून निघून पहिल्याच पानठेल्यावर त्यानं खर्रा घोटून घेतला. दाढेनं खाल्लेला चालतो, असं त्याचं म्हणणं. त्यानं तोंड उघडलं की नव्या बाथरूमचं दार उघडल्यासारखं वाटायचं.

आमगावला वडीलधारा म्हणून मला नेलं. अल्काची मावशी पार्वताबाई, तिनं चहा दिला. यादोराव प्रत्येक वाक्याला हसत होता. मावशीनं आपल्या जावेच्या मयताचं सांगितलं, तेव्हाही हसला.

तेवढ्यात शिलाई मशीनवरचा दिवा बंद पडला. वायर तुटली होती. कोणी सांगायच्या आत यादोराव उठला. अल्कानं प्लग काढला आणि त्याच्यापुढे एक कातर धरली.

"घ्या, जुनी आहे. वायरले चालते."

"कायले? मले सवय आहे," म्हणत यादोरावनं वायर दातात धरून ओढली.

वायर सोलली गेली. तिच्यासोबत एक पापडीही आली आणि मशीनवरच्या ब्लाउजच्या कापडावर पडली. अल्कानं ती उचलून त्याच्या हातावर ठेवली. हसली नाही.

हात धुतो म्हणून तो मागे गेला. खिशात झटपट चिकटणारा गोंद होता. त्यानं पापडी चिकटवली आणि सोबत वरचा ओठही चिकटवला. परत आला तो एका बाजूनं ओठ वर चढवून. पार्वताबाईनं काम कसं चालतं, पुढचं काय ठरवलं, सगळं विचारलं. तो नुसता 'हूं' म्हणत होता. त्याच्या वतीनं मीच बोललो, आणि जे बोललो ते सगळं खरं नव्हतं.

परत आल्यावर थेट दवाखाना गाठला. डॉक्टरांनी ओठ सोडवला, गोंद खरवडला आणि एवढंच विचारलं, "गोंद ही लगाना था, तो मेरे पास काहे को आए?" दुसरी पापडी बसवली. यादोराव मात्र पानठेल्यावर सांगत फिरला की डॉक्टरचा मसाला कच्चा होता, त्यानं आपलं लग्न अडकवलं.

चार दिवसांनी पार्वताबाईचा फोन आला. नाही म्हणाली. मी कारण विचारलं तर अल्कानं स्वतः फोन घेतला.

"काका, दात निघाला म्हणून नाही जी. मी कातर देऊन राहिली होती, ते त्यायनं घेतली नाही. उद्या घरात मी काही सांगतलं तं 'कायले?' म्हणतीन. तसं एक घर पाहून झालं माझं."

मी यादोरावला हे जसंच्या तसं सांगितलं. त्यानं खर्रा चघळत शांतपणे ऐकलं. मग विचारलं, "म्हणजे दातायले नाव नाही ठेवलं ना?"

"नाही."

"मंग ठीक आहे," तो म्हणाला, आणि दुसरं स्थळ पाहून ठेवा असं सांगून कामाला गेला.