तीच पँट

आमचे काका शिंपी. गिऱ्हाइकाची कंबर वाढली तर ते तोंडाने कधी सांगत नाहीत. गुपचूप शिवण उसवून, आत ठेवलेली जादा कापडाची माया सोडून पँट अर्धा इंच सैल करून देतात, आणि गिऱ्हाईक खुशीत जातं.

मागच्या वर्षी डॉक्टरांनी त्यांना पाव, भात, साखर जरा कमी करायला सांगितलं. काकांनी ते सगळं बंदच केलं आणि त्याची कसर लोणी, चीज आणि खाऱ्या शेंगदाण्यांनी भरून काढली. मशीनच्या खणात बॉबिनशेजारी शेंगदाण्यांची पुडी कायमची राहायला आली.

काकू म्हणायची, "अहो, पिठाचं पोतं उतरवून तेलाचा डबा डोक्यावर घेतलात. ओझं कुठं कमी झालं?"

काका पट्ट्यात दोन बोटं घालून दाखवायचे. "वर्षभर तीच पँट घालतोय. अजून काय पुरावा पाहिजे?"

काल त्या पँटचं बटण तुटलं. लावायला म्हणून काकांनी ती उलटी केली आणि बघतच राहिले. मागची शिवण उसवून पुन्हा शिवलेली होती. जुन्या टिपेच्या भोकांच्या तीन रांगा दिसत होत्या, आणि शेवटचे टाके पार कापडाच्या काठावर होते. टाके सुबक होते, पण त्यांचे नव्हते.

"हे कुणी केलं?"

काकू वाटाणे सोलत होती. "गिऱ्हाइकाला बरं वाटावं म्हणून तुम्हीही असंच करता की. उद्यापासून पाव थोडा आणि लोणीही थोडं. आता सोडायला कापड उरलेलं नाही."