गंजीवर ठेवलेला माझा हात

गजानन माझ्या हाताच्या भरवशावर कापसाच्या गंजीवर चढला आणि मेला.

ही पोस्ट लिहायला वर्ष लावलं. उशिराबद्दल माफ करा. शिक्षण सातवीपर्यंत, मोबाईलवर टाईप करताना चुका होतात. आणि खरं सांगायचं तर भीती वाटत होती.

आज त्याचं वर्षश्राद्ध.

गजानन तिवस्यात मोटार वाइंडिंग करायचा. सात स्वयंसेवक जमवून त्यानं आग विझवायची टीम काढली होती. पगार नाही, काही नाही. अमरावतीहून बंब येईपर्यंत आगीला थांब म्हणून कोण सांगणार?

अकोल्याच्या एका मित्राकडून त्यानं थर्मल कॅमेरा आणला. टॉर्चएवढा. गरम ते स्क्रीनवर पांढरं दिसतं, थंड ते काळं.

मी हसलो. "हे खेळणं काय कामाचं बाबू?"

"काकाजी, धुरात आपले डोये काम करत नाई. याले धूर आडवा येत नाई."

मोर्शी रोडला संत्र्याच्या पॅकिंग शेडला आग लागली तेव्हा ते पाहिलं. आत स्वतःचा हात दिसत नव्हता. गजानन कॅमेरा धरून रांगत गेला. क्रेटांमागे पडलेला चौकीदार त्याला पांढरा दिसला.

ओढून आणला. तो माणूस आज जिवंत आहे.

तरी मी शिकलो नाही.

मी चाळीस वर्षं जिनिंग कारखान्यात कापसाच्या गंज्या सांभाळल्या. कापूस आतून तापला का, हे आम्ही हाताची मागची बाजू लावून ओळखायचो. मी थंड म्हटलं की लोक मानायचे. मला त्याचा गर्व होता.

त्या दिवशी सकाळी जिनिंगच्या शेडमध्ये गंजी पेटली. दुपारपर्यंत विझली. आता वर चढून कापूस उपसायचा होता. कॅमेऱ्याची बॅटरी उतरलेली, म्हणून गजाननानं तो जीपमध्ये चार्जिंगला लावला.

मी तीन ठिकाणी हात लावला. गार.

"थंडी हाय. चढा."

"दहा मिनिटं थांबू ना काकाजी. एक डाव कॅमेऱ्यानं पाहतो."

"कावून? माह्या हातावर भरोसा नाई तुले? तुह्या डबड्याच्या आधीपासून गंज्या पाहून राहिलो मी."

"काकाजीचा हात म्हणजे सरकारी शिक्का," टीममधला सुनील म्हणाला. सगळे हसले.

गजाननही हसला. माझा मान राखायला चढला.

पाणी मारलेली गंजी वरून गारच लागणार. हे मला माहीत होतं. चारचौघांत डोक्यात आलं नाही.

आत कापूस धुमसून पोकळी झाली होती. तो कमरेपर्यंत खचला. मग दिसेना. हवा लागली तशी आग वर आली आणि शेड धुरानं भरली.

सुनील जीपमधला कॅमेरा घेऊन आत घुसला. त्याच कॅमेऱ्यानं तो सापडला.

सुनील नंतर म्हणाला, "चौकीदार पांढरा दिसला होता, काकाजी. आपला गजू पांढऱ्या आगीपुढं काया दिसला."

अमरावतीला नेईपर्यंत संपलं होतं.

आता मी घरातल्या स्विचबोर्डालाही हात लावून पाहतो. हातावर भरवसा नाही म्हणून परत पाहतो.

त्याची बायको वंदना आता अकोल्याला, जठारपेठेत माहेरी असते. हेल्मेट, बूट, कॅमेरा, सगळं टीमनं तिच्याकडे पोचवलं. मी गेलो नाही.

तिनं मला कधी दोष दिला नाही. त्या दहा मिनिटांचं तिला कुणी सांगितलं की नाही, कोण जाणे.

आता मी सांगितलं.

यंदाचा कापूस यायला लागला आहे. त्याच शेडमध्ये नवी गंजी लागली आहे. टीम आहे, कॅमेरा नाही. परवा एका कोपऱ्यातून वाफ निघाली, तर सुनीलनं मलाच विचारलं, "काकाजी, हात लावून पाहता का?"

मी हात खिशात घातले.

गजू, तू दहा मिनिटं मागितली होतीस. ती मी दिली नाहीत. तुला हात जोडतो, बाबू. यापुढे हे हात तेवढ्याच कामाचे.

वंदना, तुला तीनदा फोन लावला आणि वाजायच्या आत कापला. म्हणून इथं लिहितो. कॅमेरा टीमला देशील का? सुनील येऊन घेऊन जाईल. मी यावं की नाही, तेही तूच सांग.

नाही म्हणायचं असेल तरी कळव, पण लवकर कळव. कापसाच्या गाड्या रोज खाली होत आहेत. गंजी वाढते आहे.