पाणी वाढलं की रंग संपला

“अज्जी, आतड्यात गाठ आहे. रक्त तिथून झिरपतंय,” डॉक्टरबाई म्हणाल्या. माझ्या पायात तेव्हाही पळायचे बूट होते.

त्याच्या दोन वर्षं आधीची मी आठवते, तेव्हा हसू येतं. साठी उलटलेली बया, बोगादीच्या रस्त्यावर ट्रॅकपँट घालून पळणारी! हिमोग्लोबिन, म्हणजे रक्तातला प्राणवायू वाहणारा लाल घटक, माझं तपासणीत थोडं कमी निघालं. एका डॉक्टरांनी समजावलं, की लांब पळणाऱ्यांचा प्लाझ्मा, रक्तातला पाण्यासारखा भाग, जास्त वाढतो. लाल पेशी तितक्या वाढत नाहीत, म्हणून रक्त पातळ दिसतं. हा ‘स्पोर्ट्स अ‍ॅनिमिया’, खरा अ‍ॅनिमिया नव्हे. “तरी फेरिटिन तपासून घ्या.”

पुढचं कोण ऐकतंय? ‘स्पोर्ट्स’ ऐकूनच बयेने चामराजपुरमच्या सगळ्या नातेवाइकांत आजार मिरवला.

आम्ही मूळचे रंगारी. कढईत पाणी जास्त झालं की रंग फिका दिसतो, पण असतो तेवढाच. मग काळजी कसली? जिन्यात धाप लागली तरी मी सुनेला म्हणायची, “पाणी वाढलंय गं.”

“अत्ते, ओठ पांढरे पडलेत,” ती या सासूला सांगायची.

“सुम्ने बस, गप्प. तुला रंगातलं काय कळतं?”

एका सकाळी फाटकापाशीच कोसळले. फेरिटिन, म्हणजे शरीरातला लोहाचा साठा, जवळपास संपलेला होता. मग शौचातल्या रक्ताची तपासणी, मग आतड्याची दुर्बीण. बाहेरच्या बाकावर सून माझे बूट मांडीवर घेऊन बसली होती; बाहेर आल्यावर तिनेच ते माझ्या पायात चढवले. रडली नाही. रडली असती तर बरं झालं असतं.

गाठ काढली. थोडी पुढे पसरली होती. पुढचं आता औषधांवर.

सासरे रंग फिका दिसला की आधी चिंधी बुडवून ठेवत. पाणीच जास्त असेल तर ती उशिरा का होईना रंगते. रंग संपला असेल तर पांढरीच राहते. या शहाणीने, म्हणजे मी, पाणी तेवढं लक्षात ठेवलं, चिंधी विसरले.

तुम्ही पळत असाल तर खुशाल पळा. पण रक्त फिकं निघालं तर चिंधी बुडवा, म्हणजे फेरिटिन तपासा, आणि वय झालेलं असेल तर पोटही दाखवा.

आता फाटकापर्यंत जाते, सुनेच्या हाताला धरून. तिथे दोघी थोडं थांबतो.

“काय अत्ते, पाणी वाढलं का?” ती विचारते.

“नाही गं. रंग संपत आलाय,” मी म्हणते. हल्ली तिच्यापाशी खरं बोलते. ती हात सोडत नाही.